आवाजाची दुसरी प्रत

गिरगावातील मॅजेस्टिक सिनेमात १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट झळकला. ज्यांचे बोलणे ऐकावयास लोकांनी गर्दी केली, त्यांचे ते बोलणे आज कोणालाही ऐकता येत नाही, कारण चित्रपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली.

हे आठवावयास कारण घडले. फीचे पैसे सुटावेत म्हणून मी जाहिरातींना व ध्वनिपुस्तकांना आवाज देते. रात्री चाळीतली वर्दळ थांबली, की अंगावर गोधडी ओढून ध्वनिमुद्रण करावयाचे. दिवाळीत एका प्रकरणातील एकच नाव बदलून हवे होते. संगणकात पाहते तो 'फायनल', 'फायनल दोन', 'नवीन फायनल' आणि सगळ्या एमपी-थ्री! मूळ फाईल नाहीच. चाळीस मिनिटांचे प्रकरण पुन्हा वाचले. पैसे अर्थात एकदाच मिळाले.

एमपी-थ्रीमध्ये फाईल लहान करण्यासाठी आवाजाचा काही अंश गाळलेला असतो. ती उघडून, दुरुस्त करून पुन्हा एमपी-थ्री केली, की आणखी गळती होते. म्हणून मूळ वाचन 'वेव्ह' स्वरूपात जपावे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका चॅनेलचे ध्वनिमुद्रण मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी जागा घेते. म्हणजे तासाला अर्धा जीबी. चौसष्ट जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये शंभरावर तास मावतात. मग कंजुषी कसली?

फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा. म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. पुढे कामाचे नाव व कितवी दुरुस्ती तो आकडा. 'फायनल' हा शब्द मी वर्ज्य केला आहे.

जाणकार तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि एक घराबाहेर ठेवावयास सांगतात. क्लाउडवर ठेवले म्हणजे झाले, असे मला वाटे. परंतु संगणकाशी जोडलेल्या क्लाउडमध्ये इकडे पुसलेले तिकडेही पुसले जाते, आणि कचरापेटीतून परत काढण्याची मुदत थोड्या दिवसांची असते.

आईला यातले काही ठाऊक नाही. पण २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, आमच्या तळमजल्याच्या खोलीतही पाणी शिरले. तेव्हापासून रेशनकार्डाची झेरॉक्स डोंबिवलीला मामांकडे असते. आता त्याच पिशवीत माझा पेनड्राइव्ह असतो. दर महिन्याला जाऊन नव्या फायली भरते आणि जुन्यांपैकी एखादी वाजवून बघते.