निकालाविना मोडणारा खटला : ‘मिसट्रायल’चा अर्थ

अमेरिकेतील एखाद्या गाजलेल्या खटल्यात ‘मिसट्रायल’ जाहीर झाल्याचे वृत्त आले की आरोपी सुटला, असा समज करून घेण्याचा मोह होतो. वस्तुत: खटला निकालापर्यंत पोहोचू शकत नाही, एवढेच न्यायाधीशांनी त्यातून सांगितलेले असते. आरोपी दोषी ठरत नाही आणि निर्दोषही ठरत नाही. आरोप कायम राहतात आणि सरकार पक्षाला बहुधा नव्या ज्यूरीपुढे सारा पुरावा पुन्हा मांडता येतो.

ज्यूरी सदस्याने साक्षीदाराशी परस्पर बोलणे, अग्राह्य पुरावा ज्यूरीच्या कानी पडणे अशी कारणे यामागे असू शकतात. परंतु सर्वाधिक परिचित कारण म्हणजे ज्यूरीत एकमत न होणे. इंग्लंडमध्ये १९६७ पासून बाराजणांपैकी दहांचे मतही पुरेसे ठरू शकते. अमेरिकेत मात्र गंभीर गुन्ह्यात एकमत अनिवार्य आहे. बिल कॉस्बी यांचा २०१७ मधील खटला याच कारणाने मोडला आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या ज्यूरीने त्यांना दोषी ठरविले. ती शिक्षाही २०२१ मध्ये वेगळ्याच मुद्द्यावर रद्द झाली.

एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नको, हे तर अमेरिकी राज्यघटनेचेच तत्त्व. मग हे चालते कसे? ज्यूरीत एकमत न झाल्यास फेरखटल्याला बाध येत नाही, असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८२४ मध्येच दिला आहे. अर्थात, हरत आलेला डाव मोडून नव्याने मांडण्याची मुभा सरकारी वकिलाला नाही. त्याने आरोपीला मुद्दाम मिसट्रायल मागण्यास भाग पाडले, तर फेरखटला चालत नाही.

तरीही ही तरतूद आरोपीला किती महाग पडू शकते, हे कर्टिस फ्लॉवर्स यांच्या उदाहरणावरून दिसते. मिसिसिपीतील विनोना या छोट्या गावी १९९६ मध्ये फर्निचरच्या दुकानात चौघांची हत्या झाली. त्या प्रकरणी या कृष्णवर्णीय इसमावर सहा वेळा खटला चालला. पहिल्या तीन खटल्यांतील शिक्षा वरिष्ठ न्यायालयाने रद्द केल्या. त्यांना मिसट्रायल म्हणता येत नाही, कारण तेथे निकाल लागून नंतर तो फिरला होता. २००७ व २००८ मधील खटले मात्र ज्यूरीच्या मतभेदामुळे मिसट्रायल ठरले. २०१० मध्ये मृत्युदंड झाला. ज्यूरीच्या निवडीतील वर्णभेदाच्या मुद्द्यावर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही निकाल रद्द केला आणि २०२० मध्ये आरोप मागे घेण्यात आले. तोवर फ्लॉवर्स यांची सुमारे २३ वर्षे कैदेत गेली होती.

भारतात आता फौजदारी खटल्यांत ज्यूरी नाही, त्यामुळे या अर्थाने खटला मोडण्याचा प्रसंगही नाही. ज्यूरी होती तेव्हाही बहुमत चालत असे. नानावटी खटल्यात १९५९ मध्ये मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक असा कौल दिला होता, तो न पटल्याने सत्र न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले. आपल्याकडे फेरखटल्याचा आदेश सहसा वरिष्ठ न्यायालयाकडून, निकालानंतर येतो. बडोद्यातील बेस्ट बेकरी प्रकरणी २००३ मध्ये सर्व आरोपी सुटले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तो निकाल रद्द करून खटला महाराष्ट्रात नव्याने चालविण्यास सांगितले. मुंबईतील न्यायालयाने २००६ मध्ये नऊजणांना जन्मठेप दिली. त्यांपैकी पाचजणांना उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये निर्दोष सोडले.