रायफलीवरील बिंदुदर्शक : अल्प मोलात भरवशाच्या उपकरणाची पारख

रायफलीने नेम धरताना डोळ्यावर एक जवळजवळ अशक्य कामगिरी सोपविलेली असते. मागची खाच डोळ्याच्या निकट, नळीच्या टोकावरील माशी हाताच्या अंतराहून किंचित पुढे आणि लक्ष्य ५० किंवा १०० मीटरांवर, अशा तीन वस्तू एका रेषेत आणावयाच्या असतात. आणि डोळ्याचे भिंग तर एका वेळी एकाच अंतरावरील वस्तूची स्पष्ट प्रतिमा दृक्पटलावर पाडू शकते. तरुण डोळा ह्या तीन अंतरांमध्ये झरझर ये-जा करून वेळ निभावून नेतो. चाळिशी लागलेल्या डोळ्यास तेही साधत नाही.

ह्या अडचणीतून सुटण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग मागच्या खाचेऐवजी बारीक छिद्र योजण्याचा. छिद्र जितके लहान तितकी स्पष्ट दिसण्याची खोली अधिक, हे छायाचित्रणाच्या अभ्यासकास परिचित असलेले तत्त्व येथे उपयोगी पडते. नेमबाज ह्या रचनेस ‘पीप साइट’ म्हणतात. कोल्हापूरचे ह्या क्रीडेतील नाव ह्याच छिद्रातून जगापुढे आले आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथील जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोन प्रकारात सुवर्णपदक मिळविले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकाविले. ह्या स्पर्धांच्या नियमांनुसार रायफलीवर दुर्बीण किंवा प्रकाशाचा बिंदू दाखविणारे साधन चालत नाही.

दुसरा मार्ग माशी व खाच ही दोन्ही काढून टाकून त्यांच्या जागी प्रकाशाचा एक बिंदू लक्ष्याच्याच अंतरावर उभा करण्याचा. बाजारात ‘रेड डॉट साइट’ ह्या नावाने मिळणारे उपकरण हेच करते. प्रस्तुत लेखात त्यास ‘बिंदुदर्शक’ म्हटले आहे. हे उपकरण आज फार निरनिराळ्या किमतींत मिळते. त्यांतील स्वस्त पण भरवशाचे कोणते, हा प्रश्न वरवर पाहता गिऱ्हाइकाचा आहे. वस्तुतः तो भौमितिक प्रकाशशास्त्राचा व यंत्रविद्येचा आहे, आणि पदार्थविज्ञानाच्या साध्या प्रयोगशाळेत त्याचे बरेचसे उत्तर मिळू शकते.

१. तत्त्व

बिंदुदर्शकाची कल्पना डब्लिन येथील दूरदर्शी-निर्माते सर हॉवर्ड ग्रब यांची. १९०० साली त्यांनी तिचे पेटंट घेतले. महाराष्ट्रास हे नाव परके नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नाएगमवाला यांच्या देखरेखीखाली चाललेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचा मोठा दूरदर्शी ग्रब यांच्याच कारखान्यात घडला होता. १९१२ साली ही वेधशाळा बंद झाल्यावर तेथील उपकरणे कोडाईकनालला गेली.

ग्रब यांची युक्ती साधी आहे. अंतर्वक्र आरशाच्या नाभीवर प्रकाशाचा बिंदू ठेवला असता परावर्तित किरण समांतर होतात. समांतर किरण डोळ्यास अनंत अंतरावरून आल्यासारखे भासतात. आरसा पारदर्शक काचेचा असेल, तर त्यातून लक्ष्यही दिसते, आणि बिंदू लक्ष्यावर टेकल्यासारखा वाटतो. डोळा थोडा डावी-उजवीकडे सरकला, तरी बिंदू लक्ष्यावरून हलत नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपासून विमानांच्या बंदुकांवर हे तत्त्व वापरात आले. आजच्या लढाऊ विमानातील वैमानिकाच्या डोळ्यांसमोर आकडे दाखविणारी काच ह्याच कुळातील आहे. १९७५ साली स्वीडनमधील एमपॉइंट कंपनीने प्रकाश-उत्सर्जक डायोड वापरून हे साधन विजेरीवर चालणारे केले, आणि ते सामान्य रायफलीवर बसू लागले.

ह्या उपकरणात लक्ष्य मोठे करून दाखविण्याची शक्ती नसते. काचेच्या आतील पृष्ठावर लाल प्रकाशाच्या अरुंद पट्ट्याचेच परावर्तन करणारा पातळ लेप असतो. उरलेला प्रकाश आरपार जातो. त्यामुळे बाहेरचे दृश्य किंचित हिरवट-निळसर दिसते. ही छटा फार गडद असेल, तर लेप कमी प्रतीचा आहे असे समजावे. तिन्हीसांजेच्या उजेडात तो अडचणीचा ठरतो.

२. बिंदूचा आकार

बिंदूचा आकार कोनात मोजतात. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. एक कला १० मीटरांवर २.९ मि.मी., ५० मीटरांवर १४.५ मि.मी. आणि १०० मीटरांवर २९ मि.मी. व्यापते. म्हणून ४ कलांचा बिंदू ५० मीटरांवर ५८ मि.मी. झाकतो. ५० मीटर रायफलीच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मि.मी. व्यासाचे आहे, आणि १० मीटर हवाई रायफलीचे दहा गुण म्हणजे अवघा ०.५ मि.मी.चा ठिपका. ह्यावरून पहिला निर्णय आपोआप होतो. ज्या विद्यार्थ्यास ऑलिम्पिक पद्धतीच्या नेमबाजीकडे जावयाचे आहे, त्याने बिंदुदर्शकावर एक रुपयाही खर्च करू नये. ते पैसे छिद्रदर्शकासाठी व गोळ्यांसाठी राखावेत. बिंदुदर्शक आहे तो जलद नेमाच्या स्पर्धांसाठी, सुरक्षा दलांसाठी, आणि खाच व माशी एकत्र न दिसणाऱ्या प्रौढ डोळ्यांसाठी.

३. मर्यादित दोष व अमर्याद दोष

जाहिरातींत ‘पराशयमुक्त’ हा शब्द ठळकपणे येतो. त्याचे मोल किती, ते गणिताने पाहू. बिंदूची प्रतिमा ‘अ’ अंतरावर आहे, लक्ष्य ‘प’ अंतरावर आहे व डोळा अक्षापासून ‘य’ इतका सरकलेला आहे, असे मानल्यास

लक्ष्यावरील च्युती = य × (प ~ अ) ÷ अ

येथे ~ हे चिन्ह दोहोंतील फरक दर्शविते. खिडकी २० मि.मी. व्यासाची असेल, तर ‘य’ १० मि.मी.पेक्षा अधिक होऊ शकत नाही. कारण त्यापलीकडे बिंदूच दिसेनासा होतो. प्रतिमा ५० मीटरांवर असल्यास १० मीटरांवरील च्युती ८ मि.मी., १०० मीटरांवरील १० मि.मी. आणि २०० मीटरांवरील ३० मि.मी. येते. प्रतिमा खरोखर अनंतावर असेल, तर कोणत्याही अंतरावर च्युती १० मि.मी.हून अधिक होत नाही. शिवाय बिंदू खिडकीच्या मध्याशी ठेवण्याची सवय लावली की ‘य’ शून्याजवळ येतो व दोष जवळजवळ नाहीसा होतो. सारांश, पराशय हा मर्यादित व अभ्यासाने आवरता येणारा दोष आहे.

आता दुसरा दोष पाहू. आरशाचे नाभीय अंतर ६० मि.मी. आहे असे समजा. डायोड अक्षाच्या दिशेने ०.०७ मि.मी. आत सरकला, तर प्रतिमा अनंताऐवजी सुमारे ५० मीटरांवर येते. त्याचा परिणाम वर पाहिलाच. परंतु तोच डायोड आडव्या दिशेने केवळ ०.०१ मि.मी. सरकला, तर बिंदूची दिशा ०.०१ ÷ ६० रेडियनने बदलते, आणि १०० मीटरांवर गोळी सुमारे १७ मि.मी. बाजूला जाते. नाभीय अंतर ३० मि.मी. असलेल्या छोटेखानी उपकरणात हीच चूक दुप्पट होते. ती अंतराबरोबर वाढत जाते. डोके कोठेही ठेवले तरी कमी होत नाही, आणि नेमबाजास दिसतही नाही. बिंदू लक्ष्यावर शांतपणे टेकलेला असतो. मात्र नळी दुसरीकडे पाहत असते. शिकाऊ नेमबाज अशा वेळी आपल्या हाताला व श्वासाला दोष देतो, आणि जी चूक त्याची नाहीच ती सुधारण्यात महिने घालवितो. स्वस्त उपकरणाची खरी किंमत ही आहे.

तापमानाचाही विचार ह्याच अंगाने करावा. ६० मि.मी. लांबीचा ॲल्युमिनियमचा सांगाडा २५ अंश सेल्सिअसच्या फरकाने सुमारे ०.०३५ मि.मी. लांब-आखूड होतो, साध्या प्लॅस्टिकचा सुमारे ०.१२ मि.मी. ह्या प्रसरणाचा दहावा हिस्सा जरी असमान रचनेमुळे आडवा पडला, तरी १०० मीटरांवरील च्युती पहिल्यात सुमारे ६ मि.मी., तर दुसऱ्यात सुमारे २० मि.मी. होईल. एप्रिलमधील दुपारी जुळविलेली रायफल हिवाळ्यातील पहाटे का बदलली, ह्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

४. काटकसर कोठे करावी

वरील विवेचनातून खरेदीचा क्रम निघतो. बिंदूचे दोन रंग, निरनिराळ्या आकृत्या, प्रकाशाच्या डझनभर पायऱ्या, अंधारात पाहण्याच्या दुर्बिणीशी जुळणारी मंद पायरी ही सर्व सोय आहे; तिच्यावाचून अचूकतेचे काही अडत नाही. धातूचा सांगाडा, जागेवर घट्ट राहणारे जुळणीचे स्क्रू, ओलावा आत जाऊ न देणारी बंदिस्ती आणि रायफलीवर बसविण्याची पक्की बैठक ह्या चार गोष्टींत मात्र तडजोड करू नये. बैठकीचा खर्च वेगळा धरावा. चांगले उपकरण हलक्या बैठकीवर बसविणे म्हणजे दगडी घर वाळूवर बांधणे होय. स्प्रिंगच्या हवाई रायफलीस तर दुहेरी धक्का असतो, आधी मागे व लगेच पुढे. त्यामुळे तिच्यावर बैठक सैल होण्याचा संभव विशेष.

विजेरीचा हिशेब सोपा आहे. ह्या उपकरणांत बहुधा लागणाऱ्या नाण्याच्या आकाराच्या विजेरीची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असते. मंडल ०.१ मिलिअँपिअर प्रवाह घेत असेल, तर ती २,२०० तास, म्हणजे तीन महिने पुरेल, ०.०१ मिलिअँपिअर घेत असेल, तर अडीच वर्षे. बहुमापकाने हा प्रवाह कोणासही मोजता येतो.

५. प्रयोगशाळेतील परीक्षा

पुढील परीक्षा उपकरण रायफलीवर न चढविता, लोखंडी चिमट्यात आवळून करता येतात. रायफलीसह करावयाच्या असल्यास ती रिकामी असल्याची खात्री दोघांनी स्वतंत्रपणे करावी.

पहिली, चौकोनाची परीक्षा. १० मीटरांवर आलेखपत्र लावून बिंदूची जागा टिपावी. स्क्रू उजवीकडे २० टप्पे, वर २०, डावीकडे २० व खाली २० असे फिरवावेत. टप्पा एका कलेचा असेल, तर चौकोनाची बाजू ५८ मि.मी. भरली पाहिजे आणि बिंदू मूळ जागी परतला पाहिजे. न परतणारा बिंदू हा परत करण्याजोग्या उपकरणाचा पुरावा समजावा.

दुसरी, पराशयाची. बिंदू ५० मीटरांवरील खुणेवर ठेवून डोळा खिडकीच्या कडेपासून कडेपर्यंत न्यावा, आणि च्युती वरील सूत्राशी ताडून पाहावी.

तिसरी, ओलाव्याची. उपकरण तासभर शीतकपाटात ठेवून बाहेर काढावे. बाहेरून धरलेले बाष्प कापडाने पुसले जाते. आत धरलेले पुसले जात नाही. गगनबावड्याच्या पावसाळ्यात दुसऱ्या प्रकारचे उपकरण कुचकामी होय. उघड्या रचनेच्या उपकरणात पावसाचा एक थेंब डायोडवर पडला, तरी बिंदू विस्कटतो, हेही ध्यानात ठेवावे.

चौथी, डोळ्याची. बिंदू वाटोळा न दिसता फाटल्यासारखा दिसत असेल, तर उपकरण अक्षाभोवती फिरवून पाहावे. फाटलेपणा उपकरणाबरोबर फिरला, तर दोष उपकरणाचा. न फिरला, तर आपल्या डोळ्यातील अबिंदुकतेचा. अशा वेळी दुकानदाराकडे नव्हे, नेत्रवैद्याकडे जावे.

शेवटची परीक्षा गोळीबाराची, आणि ती परवानाप्राप्त मैदानावरच व्हावी. आरंभी काही गोळ्या झाडून त्यांचा मध्य काढावा. मग उपकरण काढून पुन्हा बसवावे, चाळीस-पन्नास गोळ्यांचा धक्का त्यास द्यावा, आणि पुन्हा मध्य काढावा. येथे घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह टाळला पाहिजे. एका गोळीचे प्रमाण विचलन १० मि.मी. असेल, तर पाच-पाच गोळ्यांच्या दोन मध्यांतील फरकाची प्रमाण त्रुटी ६.३ मि.मी. येते, वीस-वीस गोळ्यांनी ती ३.२ मि.मी.वर उतरते. म्हणून पाच गोळ्यांवरून ‘शून्यस्थिती ५ मि.मी. सरकली’ असे म्हणणे, किंवा ‘मुळीच सरकली नाही’ असे म्हणणे, दोन्ही निराधार आहे.

भरवसा हा काही किमतीबरोबर आपोआप मिळणारा गुण नव्हे. महाग उपकरणात निर्मात्याने ह्या परीक्षा आधी केलेल्या असतात, आणि त्यांचे मोल आपण देतो. स्वस्त उपकरणात त्या आपल्यावर सोपविलेल्या असतात. ज्याच्यापाशी पैसा थोडा पण आलेखपत्र, चिमटा व धीर आहे, त्याने परत करण्याची मुदत लिहून घेऊन साधे, धातूचे, कमी सोयींचे उपकरण घ्यावे, आणि ते मुदतीच्या आत पारखावे. परीक्षेत उतरलेले स्वस्त उपकरण न पारखलेल्या महाग उपकरणापेक्षा अधिक विश्वसनीय मानण्यास शास्त्राची हरकत नाही.