नुसतं येऊन तर बघा

कर्जत लोकलच्या डब्यात बाबा बंगालीचा स्टिकर असतो. वशीकरण, सवतीपासून सुटका, अडलेलं लग्न, चोवीस तासांत गॅरंटी. अंबरनाथला उतरणारा इंजिनिअर तो वाचून हसतो, उल्हासनगरचा जीन्सवालाही हसतो. आपण काही असल्या जाळ्यात सापडणारे नव्हे, याची दोघांनाही खात्री असते. पण खऱ्या जाळ्यावर स्टिकर नसतोच!

बदलापूरच्या नव्या टॉवरमध्ये राहायला आलेलं एखादं कुटुंब घ्या. नवरा पहाटेची लोकल धरतो आणि रात्री दहाला परततो. मजल्यावर ओळखीचं कुणी नाही. अशात शेजारच्या काकू म्हणतात, “चला हो, नुसतं येऊन तर बघा.” तिथे पैसे कुणी मागत नाही. उलट नाव लक्षात ठेवतात, लेकराच्या तापाची चौकशी करतात. पुढच्या गुरुवारी चपला सांभाळायची सेवा मिळते, मग वर्गणी, मग शिबिर. बहुतेक सत्संग इथवरच थांबतात आणि त्यात वावगं काहीच नाही. काही ठिकाणी मात्र पायऱ्या संपतच नाहीत.

पायरीची ताकद किती असते पाहा. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मानसशास्त्रज्ञ फ्रीडमन आणि फ्रेझर यांनी कॅलिफोर्नियातल्या रहिवाशांना विचारलं, वाहतूक सुरक्षेचा एक अवाढव्य, बेढब फलक तुमच्या अंगणात लावू का? शंभरातले जेमतेम १७ जण तयार झाले. पण ज्यांनी दोन आठवडे आधी त्याच विषयाची एक चिमुकली पाटी लावून घेतली होती, त्यांच्यातले ७६ टक्के ‘हो’ म्हणाले. एवढीशी पाटी लावली आणि माणूस स्वतःच्या नजरेत वेगळा झाला!

त्याहून चक्रावणारी गोष्ट बिहारची. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपानंतर मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी अफवा गोळा केल्या. जिथे धक्का बसला, पण एक वीटही पडली नाही, तिथेच याहून भयंकर संकटाच्या अफवा जोरात होत्या. भीती घालणाऱ्या गोष्टीवर माणसं आपणहून विश्वास का ठेवतील? हे कोडं मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगरला अमेरिकेत बसून पडलं. त्याचं उत्तर असं: लोक आधीच घाबरलेले होते, फक्त भीतीला शोभेल असं कारण त्यांना हवं होतं. भीतीचं जे, तेच श्रद्धेचं: कृती आणि श्रद्धा यांचा मेळ बसेना की माणूस श्रद्धाच वाढवतो. ज्याने दागिने मोडून दान केलं, त्याला बाबा भोंदू निघणं परवडतच नाही.

मार्च २०१३. महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता आणि स्वयंघोषित संत आसारामने नागपुरात टँकरच्या पाण्याने होळी खेळली. टीका झाली. त्याच्या ऐरोलीतल्या कार्यक्रमात भक्त पत्रकारांवरच धावून गेले. पाच महिन्यांनी एका अल्पवयीन मुलीने त्याच्याविरुद्ध लैंगिक अत्याचाराची तक्रार दिली. तिचे आईवडील जुने भक्त होते. इतक्या वर्षांची भक्ती एकीकडे आणि लेकीचा शब्द दुसरीकडे, त्यांनी शब्द खरा मानला. मला यात सगळ्यात मोठं आश्चर्य वाटतं ते याचं. २५ एप्रिल २०१८ ला जोधपूरच्या न्यायालयाने आसारामला जन्मठेप दिली. त्याआधी त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला त्याचा जुना वैद्य अमृत प्रजापती गोळीबारात मारला गेला होता. बाहेर पडण्याची किंमत अशीही असते.

त्या मुलीची तक्रार आली त्याच ऑगस्ट २०१३ मध्ये पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला आणि अठरा वर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा काही दिवसांत अध्यादेश म्हणून आला. त्याची अनुसूची जरूर वाचा. ‘तू मागच्या जन्मी माझी बायको होतीस’ असं सांगून शरीरसंबंध ठेवणं हाही तिथे गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. ही थाप किती जणींना मारली गेली असेल, तेव्हा ती कायद्यात लिहावी लागली!

तुमच्या घरातलं कुणी असं गुंतलं असेल तर बाबाला शिव्या घालू नका. शिवी बाबाला लागत नाही, आपल्या माणसाला लागते, आणि ते आणखी आत सरकतं. फोन चालू ठेवा, गणपतीला जेवायला बोलवा, मनात शंका आली तर बोलायला एक तरी घर त्याला असू द्या. मात्र पैशांची लुबाडणूक किंवा शरीराचा विषय दिसला, तर वाट पाहू नका. थेट पोलिस ठाण्यात जा आणि जादूटोणाविरोधी कायद्याचं नाव घेऊनच तक्रार नोंदवा.