मनकवडा अवचित प्रश्नास कसें तोंड देतो ?

‘मनकवडा’ हा आपल्या भाषेंतील मोठा गोड शब्द आहे. न बोलतां आपल्या मनांतलें ओळखणाऱ्या आईला किंवा जिवलग मित्राला आपण तो सहज लावतों. परंतु रंगमंचावर उभे राहून अनोळखी माणसांच्या मनांतलें सांगणारे जादूगारही हेंच नांव मिरवितात. त्यांचा खेळ पाहून मुलें थक्क होतात व वडील माणसेंही विचारांत पडतात. खेळ संपल्यावर अशा मनुष्यास कोणीं वाटेंत गांठून, “बरें तर, आतां माझ्या मनांत काय आहे तें सांगा,” असें म्हटलें, तर तो काय करतो, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम त्याची अडचण ध्यानांत घेतली पाहिजे. रंगमंचावर सर्व सिद्धता आधींच झालेली असते. पॅरिस येथें १८४६ सालीं रोबेर-उदाँ या विख्यात फ्रेंच जादूगारानें आपल्या मुलाचे डोळे बांधून, प्रेक्षकांनीं पुढें केलेल्या वस्तु त्याच्याकडून ओळखविल्या. आपल्या बाजारांत चादरीखालीं निजलेला ‘जमूरा’ लोकांच्या हातांतील वस्तु सांगतो, तो खेळही याच जातीचा. अशा खेळाचें मर्म बहुधा प्रश्नाच्या शब्दांत असतें. ‘सांग’, ‘बोल’, ‘लवकर सांग’ या प्रत्येक शब्दाला दोघांनीं एकेक अर्थ ठरविलेला असतो, आणि तो पाठ करण्यास महिनेच्या महिने घालविलेले असतात. पण हाच जादूगार आगरदांड्याच्या धक्क्यावर दिघीच्या बोटीची वाट पाहात एकटा उभा असेल, तर त्याच्याजवळ ना जमूरा, ना पेटी, ना पडदा. अशा वेळीं त्याच्यापुढें चार मार्ग असतात.

पहिला मार्ग म्हणजे प्रश्नच बदलणें. ‘माझ्या मनांत काय आहे ?’ या प्रश्नास अंत नाहीं. म्हणून जादूगार हंसून म्हणतो, “असें करा, एक ते दहा यांमधील एक आंकडा मनांत धरा.” ऐकणारास वाटतें कीं, आपलीच मागणी मान्य झाली. वस्तुतः समुद्राएवढा प्रश्न ओंजळीएवढा झालेला असतो. त्यांतही पुष्कळ लोक ७ हाच आंकडा धरतात. कारण एक व दहा हे टोंकाचे, पांच अगदीं मधला, आणि सम आंकडे उगीच सरळसोट वाटतात. फुलाचें नांव घ्या म्हटलें तर गुलाब ओठांवर आधीं येतो. अंदाज चुकलाच तर, “तुम्ही आधीं दुसरा आंकडा धरला होता, नाहीं का ?” असें तो विचारतो, आणि पुष्कळदां समोरचा गृहस्थ भिडेनें मान डोलावतो. कधीं तो म्हणतो, “नांव कागदावर लिहा, म्हणजे मागाहून तें बदलतां येणार नाहीं.” कारण ऐकावयास रास्त वाटतें, पण तो कागद त्याच्या हातांखालून एकदां गेला कीं त्याचें काम झालें. म्हणून कसलेला जादूगार असे एकदोन प्रयोग सदैव खिशांत बाळगून असतो. आपणांस तें अवचित वाटतें. त्याला तें मुळींच अवचित नसतें.

दुसरा मार्ग म्हणजे मनाऐवजीं शरीर वाचणें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेचा बिशप व इंग्लंडचा कंबरलंड हे दोघे लपविलेली वस्तु शोधून काढीत. ज्यास जागा ठाऊक असे त्याचें मनगट धरून ते चालत. योग्य दिशा लागली कीं त्या मनुष्याचा हात किंचित् सैल पडे, आणि चुकीची लागली कीं ताठ होई. आपल्या कल्पनेसरशी स्नायु नकळत हलतात, हें कार्पेंटर या इंग्रज शास्त्रज्ञानें १८५२ सालींच दाखवून दिलें होतें. हा प्रयोग विद्यार्थ्यांनीं घरीं अवश्य करून पाहावा. धाकट्या भावानें नाणें लपवावें, त्याचें मनगट हलकेंच धरावें, आणि त्याला सांगावें कीं, “जागेचा विचार एकाग्रतेनें कर.” चारसहा वेळां केल्यावर हातांतील ओढ जाणवूं लागेल.

मनुष्यच काय, जनावरेंही अशा खुणा ओळखतात. दारीं येणारा नंदीबैल पाऊसपाण्याच्या प्रश्नाला मान डोलावतो, तो धन्याच्या इशाऱ्यावरून. बर्लिन येथें ‘शहाणा हान्स’ नांवाचा एक घोडा खूर आपटून गणितें सोडवीत असे, व १९०४ सालीं विद्वानांची एक मंडळीही त्याला पाहून चकित झाली होती. पुढें फुंग्स्ट या संशोधकानें बारकाईनें परीक्षा करून १९०७ सालीं निकाल प्रसिद्ध केला. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलें, किंवा तो घोड्याच्या दृष्टीआड असला, कीं हान्सचें सारें शहाणपण संपे. विचारणाऱ्याच्या मानेची बारीकशी हालचाल पाहून तो खूर थांबवीत असे. त्याच्या धन्याला तर या हालचालीची जाणीवही नव्हती. तो बिचारा प्रामाणिक होता.

तिसरा मार्ग सर्वांस लागू पडेल असें बोलण्याचा. “तुम्ही वरून धीट दिसतां, पण आंतून तुम्हांला काळजी असते,” हें वाक्य कोणास लागू नाहीं ? अमेरिकेंतील फोरर या मानसशास्त्रज्ञानें १९४८ सालीं ३९ विद्यार्थ्यांची स्वभावपरीक्षा घेतली, आणि प्रत्येकास त्याचें म्हणून एक वर्णन दिलें. त्यांनीं त्या वर्णनास ५ पैकीं सरासरी ४.२६ गुण दिले. मागाहून उघडकीस आलें कीं, वर्णन सर्वांचें एकच होतें, आणि त्यांतील वाक्यें बाजारांत मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकांतून घेतलेलीं होतीं !

चौथा मार्ग नकाराचा, आणि आमच्या मतें तोच सर्वांत सन्मानाचा. “हा खेळ आहे; त्याला तयारी लागते. आतां जमणार नाहीं,” असें हंसतमुखानें सांगणारा कलावंत आपली कला उणी करीत नाहीं, उलट तिचा मान राखतो. गवयानें प्रवासांत गाण्यास नकार दिला म्हणून त्याला कोणी ढोंगी म्हणत नाहीं.

या चारही मार्गांतून एकच गोष्ट दिसते : मनकवडा आपल्या प्रश्नाचें उत्तर देत नाहीं, ज्याचें उत्तर त्याला देतां येईल असा प्रश्न तो आपणांकडून विचारवून घेतो. प्रश्न शेवटीं कोणाचा उरला, एवढें पाहिलें कीं गूढ उकलतें.

करमणुकीपुरतें हें सर्व निर्दोष आहे. परंतु आपण समुद्रकांठचे लोक. नारळी पौर्णिमेनंतर नौका खोल पाण्यांत जातात, आणि एखादी ठरल्या दिवशीं परतली नाहीं म्हणजे घरची माउली कोणाच्याही पायाशीं जाऊन विचारते, “माझा मुलगा कोठें आहे ?” येथें थोडें थांबून विचार करावा. मनांतलें ओळखण्याची विद्या खरी आहे असें घटकाभर मानलें, तरी ती माउलीच्या मनांत जें आहे तेंच सांगणार. आणि तिच्या मनांत मुलाचा ठावठिकाणा नाहीं, केवळ भय आहे. तें भय तिच्या चेहऱ्यावरून वाचून ज्ञान म्हणून तिलाच परत देणें व त्याबद्दल पैसे घेणें, हा खेळ नव्हे. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांस फसविणें व त्यावर पैसा मिळविणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें गुन्हा ठरला आहे. पण पैशापेक्षां मोठी हानि वेळेची होते. जो तास दक्षिणा ठरविण्यांत जातो, त्या तासांत बंदरावर व पोलिसांस वर्दी देतां येते, तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवितां येतें, आणि इतर नौकांच्या तांडेलांकडे चौकशी करतां येते.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, जादूचा खेळ अवश्य पाहा, मनमुराद टाळ्या वाजवा, आणि साधेल तर त्यांतील युक्त्याही शिका. मात्र तुमच्या हातच्या युक्तीनें कोणी खरोखरच चकित होऊन आपलें दुःख तुमच्यापुढें मांडूं लागलें, तर तेथेंच खेळ थांबवा आणि सांगा, “ही केवळ युक्ति होती, तुमच्या प्रश्नाचें उत्तर मला ठाऊक नाहीं.” पालकांनाही आमची विनंती हीच कीं, मुलांच्या तोंडीं हें वाक्य ऐकलें तर त्यांना शाबासकी द्यावी.