चेनला झोल हवाच

चेन जितकी ताठ तितकी गाडी चपळ, हा नव्या चालकांमध्ये सर्रास आढळणारा समज. भामरागड-सिरोंच्याकडच्या खडबडीत वाटांवर, आणि ट्रायल्समध्ये (पाय न टेकवता दगड-ओंडके पार करण्याचा मोटारसायकलचा खेळ) तो महागात पडतो. चाक दगडावर आदळलं की स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) वर उचलला जातो आणि दोन्ही दातेरी चक्रांमधलं अंतर वाढतं. दोन झाडांना ताणून बांधलेली वाळवणाची दोरी झाडं डोलताच तुटावी, तसं हे. चेन वाचली तरी बेअरिंग झिजतं. फार सैल चेन उतरते, हा आक्षेप रास्तच. म्हणून चाक हळूहळू फिरवून चेनची सर्वांत ताठ जागा आधी शोधावी आणि तिथेच, खालच्या बाजूला मधोमध, बोटाने वर-खाली करून झोल मोजावा. रोजच्या वापरातल्या बहुतेक गाड्यांना तो साधारण २० ते ३० मिलिमीटर लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो.