गाडीचा हीटर थंड होईना? आधी गरमी कुठून येतेय ते शोधा



रोजच्या संदेशात आपण फवारणी, पाणी आणि बाजारभावाचं बोलतो. आजचा विषय पिकअपच्या केबिनचा आहे. माल वाशीला पोचवणारा माणूस चार-पाच तास त्या केबिनमध्ये बसतो. बाहेर उन्हाळा, आणि आत नॉब थंडवर असूनही तोंडावर गरम झळ. अशी तक्रार असलेल्या गाड्या या दिवसांत हमखास निघतात. बरेच जण "काच उघडी ठेवू, पावसाळ्यात बघू" म्हणून तशीच चालवतात. तसं करू नका. बिघाड बऱ्याचदा छोटा असतो आणि तो ओळखायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

*हीटर चालतो कसा?*

इंजिन थंड ठेवणारं कूलंटचं पाणी साधारण 80 ते 95 अंशांपर्यंत तापतं. त्यातलं थोडं पाणी दोन रबरी पाईपांतून डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमध्ये फिरतं. ब्लोअरची हवा त्यावरून गेली की गरम होते. हीटरला वेगळं इंधन लागत नाही, ती इंजिनचीच उष्णता असते.

थंड-गरमचा नॉब दोनपैकी एक काम करतो. काही गाड्यांत तो पाईपावरचा व्हॉल्व्ह बंद करून गरम पाणी अडवतो. बाकी गाड्यांत पाणी कायम फिरत असतं आणि नॉब आतला फ्लॅप फिरवून हवेची वाट बदलतो. आपल्या ठिबकसारखंच समजा. व्हॉल्व्ह नीट बसला नाही तर मोटार चालू असेपर्यंत त्या प्लॉटला पाणी जातच राहणार.

*तपासणी 1: सकाळी, इंजिन गार असताना*

एसी बंद, नॉब पूर्ण थंडवर, ब्लोअर दोनवर ठेवून गाडी चालू करा. जाळीसमोर हात धरा.

सुरुवातीला बाहेरच्यासारखी हवा येते आणि टेम्परेचरचा काटा वर चढेल तशी ती गरम होत जाते? मग हीटर अडकलाय. पुढच्या तपासण्या करा.

हवा शेवटपर्यंत बाहेरच्यासारखीच राहते, फक्त एसी लावल्यावर गार होत नाही? मग हीटर ठीक आहे, दोष एसीत आहे. मेकॅनिकला तसं स्पष्ट सांगा, म्हणजे उगाच हीटर खोलला जाणार नाही.

जाळीतून हवा बरी येते, पण पायाला आणि गिअरजवळ भाजतं? गिअर लिव्हरचं रबर फाटलंय का, पायाजवळ वायरिंग जातं तिथलं रबर निघालंय का ते बघा. इंजिनची गरमी तिथून आत येते. धूर किंवा डिझेलचा वास येत असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करा. सायलेन्सरचा गॅस बंद केबिनमध्ये जिवावर बेततो.

*तपासणी 2: नॉब*

नॉब थंडकडून गरमकडे सावकाश फिरवा. एकदम ढिला, काहीच जोर लागत नाही असा असेल तर आतली केबल तुटली आहे किंवा क्लिपमधून निसटली आहे. अर्ध्यात अडकत असेल तर केबल गंजली आहे किंवा फ्लॅपमध्ये काहीतरी अडकलंय. निसटलेली केबल परत क्लिपमध्ये बसवणं हे फार खर्चाचं काम नाही.

नव्या गाड्यांत केबलऐवजी छोटी मोटर फ्लॅप फिरवते. नॉब फिरवल्यावर डॅशबोर्डमागे टिक-टिक आवाज येत राहिला तर त्या मोटरचे प्लॅस्टिकचे दाते गेले असण्याची शक्यता जास्त.

*तपासणी 3: दोन पाईप*

इंजिन तापल्यावर गाडी बंद करा आणि बॉनेट उघडा. केबिनच्या भिंतीतून आत जाणारे दोन रबरी पाईप दिसतील. नॉब थंडवर असू द्या. पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेवा, आणि पाईप मुठीत न धरता बोटाने हलकेच चाचपा.

गाडीला व्हॉल्व्ह असेल तर व्हॉल्व्हच्या पुढचा पाईप बराच कोमट लागायला हवा. दोन्ही सारखेच कडक गरम असतील तर व्हॉल्व्ह बंद होत नाहीये. व्हॉल्व्हच नसेल तर दोन्ही पाईप गरम असणं बरोबर आहे, तिथे दोष फ्लॅपचा धरा.

*तपासणी 4: पाणी गळतंय का?*

पायाखालची मॅट ओली किंवा चिकट, केबिनमध्ये गोडसर वास, समोरच्या काचेवर आतून तेलकट धूसरपणा. यातलं काही दिसलं तर आतला छोटा रेडिएटर गळतोय. अशी गाडी लांबच्या फेरीला काढू नका. कूलंट संपलं की इंजिन जातं, आणि त्याचा खर्च एका फेरीच्या भाड्यात निघत नाही.

*काय करू नका*

▪️ गरम इंजिनचं रेडिएटर झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, उघडताच तोंडावर येतं. कूलंट इंजिन पूर्ण गार झाल्यावरच बघा.

▪️ बोअरचं पाणी भरून वेळ मारून नेऊ नका. ठिबकचे ड्रीपर ज्या क्षाराने बंद पडतात, तोच क्षार रेडिएटरमध्ये बसतो. कंपनीने सांगितलेलं कूलंट डिस्टिल्ड पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात घाला.

▪️ थर्मोस्टॅट काढून टाकू नका. त्याने केबिन गार होत नाही. उलट इंजिन नीट तापत नाही आणि डिझेल जास्त जातं.

▪️ हीटरचा एकच पाईप बूच मारून बंद करू नका. काही इंजिनांत त्या वाटेने पाणी फिरणं गरजेचं असतं.

*तात्पुरता उपाय*

पार्ट मिळेपर्यंत मेकॅनिककडून दोन्ही पाईप हीटरपासून सोडवून एकमेकांना जोडून घेता येतात. पाईप कूलंटचाच हवा, क्लॅम्प पक्के हवेत आणि नंतर लाईनमधली हवा काढायला हवी. डिझेल लाईनची हवा काढतो तसंच हेही महत्त्वाचं आहे, नाहीतर इंजिन तापतं.

यात दोन तोटे आहेत. घाट चढताना काटा वर गेला तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर लावला की इंजिनची थोडी उष्णता बाहेर पडते आणि सुरक्षित जागी थांबेपर्यंत वेळ मिळतो. पाईप असे जोडल्यावर ही सोय राहत नाही. दुसरं, पावसात माळशेज किंवा कसारा घाटात काचेवरची वाफ घालवायला गरम हवा लागते. म्हणून जूनच्या आधी हीटर पूर्ववत करून घ्याच.

*तोपर्यंत गाडी चालवावीच लागली तर*

फेरी संध्याकाळी उशिरा किंवा पहाटे ठेवा. मालही कमी सुकतो. हवेचं बटण "आतली हवा" वर ठेवा. नुसता ब्लोअर बंद केला तरी चालत्या गाडीत बाहेरची हवा हीटरवरून आत येत राहते. काचा थोड्या उघड्या ठेवा. पाणी आणि ओआरएस जवळ ठेवा आणि तहान लागायची वाट न बघता घोट-घोट प्या.

डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, पायात गोळे ही सुरुवातीची लक्षणं आहेत. गाडी बाजूला घ्या, सावलीत बसा, अंग ओलं करा. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजा. लगेच 108 ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर पाणी मारत वारा घाला. शुद्ध नसलेल्या माणसाला पाणी पाजू नका.

गाडीमालकांना एक विनंती. ड्रायव्हरने "केबिन तापतेय" सांगितलं तर ती कुरकुर समजू नका. त्याच दिवशी पहिली तपासणी दोघांनी मिळून करा. लिलाव चुकला तर उद्या परत होतो, ड्रायव्हरला घाटात भोवळ आली तर ते भरून येत नाही.

हा संदेश आपल्या ड्रायव्हरला नक्की पाठवा. वाचायला वेळ नसेल तर त्याला वाचून दाखवा.

– कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी