फ्रान्सला निघालात? आधी ‘बोंझूर’, मग बाकीचं!

बेळगाव : शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा मुलांकडे म्हणून फ्रान्सला जाताना व्हिसा, तिकीट, युरो अशी सगळी तयारी होते. भाषेची तेवढी राहून जाते. ‘इंग्रजी चालतंय की’ म्हणून विषय संपतो. पण दहाएक वाक्यं पाठ असली, तरी रोजची बरीच कामं अडत नाहीत.

आधी नमस्कार
दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात शिरताच ‘बोंझूर’ म्हणायचं. संध्याकाळी ‘बोंस्वार’, निघताना ‘ओ रव्वार’. नमस्कार न करता थेट भाव विचारणं तिथं उद्धटपणाचं समजतात. अनुस्वार नाकातून काढायचा, पूर्ण ‘न’ किंवा ‘म’ उच्चारायचा नाही. शब्दाच्या शेवटची व्यंजनं बऱ्याचदा लिहिली जातात, पण बोलली जात नाहीत.

तू की तुम्ही?
हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. ‘त्यू’ म्हणजे तू, ‘वू’ म्हणजे तुम्ही. कन्नडमधलं ‘नीनू-नीवू’ही तसंच. अनोळखी माणसाला ‘वू’च म्हणावं. ‘कृपया’साठी ‘सिल वू प्ले’, माफीसाठी ‘पार्दों’.

अडलं तर
इंग्रजी येतं का? – ‘पार्ले-वू आंग्ले?’
मला समजलं नाही – ‘झ न कोंप्रां पा’
स्टेशन कुठं आहे? – ‘ऊ ए ला गार?’
केवढ्याला? – ‘से कोंब्यां?’
वाचवा! – ‘ओ सकूर!’
तातडीच्या मदतीसाठी फोन नंबर 112.

जेवणाच्या टेबलावर
‘मेर्सी’ म्हणजे धन्यवाद. पण कुणी आणखी वाढू का विचारलं आणि नुसतं ‘मेर्सी’ म्हटलं, तर ते ‘नको’ असं धरलं जाऊ शकतं. हवं असेल तर ‘वी, सिल वू प्ले’ म्हणावं. शाकाहारी मंडळींनी ‘मांस खात नाही’ एवढ्यावर थांबू नये, मासा वेगळा सांगावा लागतो : ‘झ न मांझ नी व्यांद, नी प्वासों.’ यातला ‘स’ ठसठशीत हवा. ‘प्वासों’ म्हणजे मासा, ‘प्वाझों’ म्हणजे विष!

पैसे देताना
खरी गडबड आकड्यांत होते. फ्रेंचमध्ये 70 म्हणजे ‘साठ-दहा’ (स्वासांत-दिस), 80 म्हणजे ‘चार-वीस’ (कात्र-व्हँ) आणि 90 म्हणजे ‘चार-वीस-दहा’ (कात्र-व्हँ-दिस). म्हणजे दुकानदार 95 युरो सांगताना सुरुवात ‘चार-वीस’नं करतो आणि ऐकणारा 80 युरो काढून मोकळा होतो. आपल्याकडची जुनी माणसं विसांवर मोजायची, ‘चार विसा’ म्हणजे ऐंशी. तोच हिशोब डोक्यात ठेवला की आकडे सोपे जातात. तरीही शंका राहिली तर आकडा लिहून मागावा : ‘एक्रिव्हे, सिल वू प्ले.’

उच्चार पहिल्या दिवशी जमणार नाहीत. तरी बोलायचा प्रयत्न दिसला, की समोरचाही सांभाळून घेतो. परगावचा माणूस मोडकं मराठी बोलला तर आपल्यालाही बरं वाटतंच की!